ब्रेकखालचा पेढा

हाउटन, नेदरलँड्स,
३१ जानेवारी, शनिवार

प्रिय उत्तरावन्सं,

तिळगूळ घे आणि गोड बोल. दरवर्षी आपण हे रीत म्हणून म्हणतो, यंदा मी अगदी मनापासून लिहितेय, कारण गेल्या रविवारी फोनवर तू मला जे सुनावलंस ते अजून कानात आहे. त्याचं उत्तर द्यायलाच बसलेय. पण तुला माहीत आहे, मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो. सासूबाई म्हणायच्या, पद्मजाकडे मीठ मागितलं तर ती आधी समुद्राची चौकशी करते. तेव्हा जरा धीर धर.

सोबत वड्यांची डबी आहे. तीळ इथल्या तुर्की दुकानातले, गूळ मात्र कोल्हापूरचा. वड्या थोड्या कडक झाल्यात. पाक जरा पुढे गेला, कारण मध्येच मला बाहेर पळावं लागलं. का, तेही सांगते.

आता तू म्हणशील, रोज व्हॉट्सॲपवर असणारी वहिनी एकदम कागदावर कशी उतरली? तर फोनवर बोलायचं म्हटलं की अरुण शेजारी येऊन बसतो, "कोण, उत्ती का? दे इकडे," म्हणतो. व्हॉट्सॲपवर लिहावं तर माझा फोन तो हक्काने उचलतो. मनाली मंगळवारी पुण्याला निघालीय. ती आमच्याच गल्लीत राहते, स्लोटरडाइकला नोकरीला आहे, अरुणची लाडकी. तिच्याबरोबर डबी आणि पत्र देतेय. ती पुण्याहून तुला कुरियर करेल.

यंदा इथे थंडीने कहर केला. नवीन वर्ष लागलं आणि बर्फ सुरू झाला. रेल्वे बंद, सायकली बर्फाखाली, अल्बर्ट हाइनच्या दुकानात ब्रेडची फळी रिकामी. संहिता नाताळात मास्ट्रिख्टहून आली होती, तीही अडकून पडली. मला बरंच वाटलं. पोरगी मराठी सगळं समजते, उत्तर इंग्रजीत देते आणि रागावली की डचमध्ये जाते. या वेळी घरात डच जरा जास्त ऐकू आलं.

बर्फ पडला की आमच्याकडे काय व्हायचं ते तुला फोटोंमधून माहीत आहे. अरुणचा वर्ग भरायचा. आपल्याकडून नोकरीवर आलेल्या पोरांना इथे आपलं लायसन्स देऊन परीक्षा न देताच इथलं लायसन्स मिळतं. मग काय, पुण्या-मुंबईची पोरं, फार तर महाबळेश्वरचं दव पाहिलेली, मोठाल्या गाड्या घेतात आणि पहिल्याच हिवाळ्यात कालव्याच्या काठावर जाऊन बसतात. म्हणून पहिल्या बर्फानंतरच्या रविवारी हॉकी क्लबच्या मागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये अरुण सगळ्यांना बोलवायचा. तो कानटोपी घालून मध्ये उभा, पोरं आपापल्या गाड्या घेऊन रांगेत, आणि मी थर्मासात चहा आणि डब्यात शंकरपाळे घेऊन कुडकुडत कडेला.

त्याची वाक्यं मला पाठ आहेत. "फोर व्हील ड्राइव्ह आहे म्हणून माज करू नका. ती निघायला उपयोगी, थांबायला नाही. थांबताना हत्तीही घसरतो आणि शेळीही घसरते, हत्ती जरा लांबवर घसरतो." "आधी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. मग गियर उतरवा. ब्रेक शेवटी." "अचानक थांबायचंच झालं तर ब्रेक घट्ट दाबा आणि दाबूनच ठेवा. पेडल पायाखाली थरथरेल, खडखड करेल. घाबरून सोडू नका. एबीएस आपलं काम करतंय, त्याला करू द्या. पंप मारायचे दिवस गेले!" हे शेवटचं वाक्य तो फार खुशीत म्हणायचा. मग एखादा पोरगा विचारायचा, "काका, पंप म्हणजे?" आणि हवेतच पाय दाब-सोड, दाब-सोड करून दाखवत अण्णांच्या फियाटची गोष्ट सुरू व्हायची.

ती गोष्ट तर तुझी आहे. कासच्या रस्त्यावर रविवार सकाळी तू स्टिअरिंगला, शेजारी शिकवायला तुझा दादा, मागच्या सीटवर अण्णा पेपर वाचत. "पेडलखाली कंदी पेढा ठेवलाय समज, उत्ते. चेपायचा, पण मोडायचा नाही." आणि गाडीने जरा हिसका दिला की मागून पेपर खाली न करता अण्णांचा आवाज: "मोडला!" लग्न होऊन मी साताऱ्याला आले त्याच आठवड्यात ही गोष्ट मला तिघांनी तीन वेळा सांगितली. मला तेव्हा तुमचा हेवा वाटला होता. आमच्या घरात बाबा कुणाला रेडिओच्या बटणाला हात लावू द्यायचे नाहीत, आणि इथे मुलीच्या हातात अख्खी गाडी.

तर यंदा वर्ग भरला नाही.

मनालीने नेहमीप्रमाणे विचारलं, "काका, रविवारी किती वाजता?" अरुण म्हणाला, "कशाला?" ती म्हणाली, "वर्गाला." तो म्हणाला, "कसला वर्ग?" आणि मग आमचे चेहरे बघून मोठ्याने हसला. "फिरकी घेतली तुमची," म्हणाला. आम्हीही हसलो. पण वर्ग भरला नाही.

आणखी एक. इथे हिवाळी टायर घालायची सक्ती नाही, पण अरुण दर नोव्हेंबरात न चुकता बदलून आणायचा. गाडीच्या टायरच्या बाबतीत तो किती सोवळा आहे, तुला ठाऊक आहे. या वेळी विचारलं तर म्हणाला, "केव्हाच बदलले." मी विश्वास ठेवला. ते हिवाळी टायर मागच्या शेडमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांत तसेच आहेत, हे मला नंतर दिसलं.

तू मागच्या महिन्यात फियाटचा फोटो पाठवलास. मेकॅनिककडून आणून धुऊन पुसून हार घातलेली. उत्तरा, तो फोटो त्याने कुणाकुणाला दाखवलाय! पोस्टमन बाईलासुद्धा. फेब्रुवारीत साताऱ्याला उतरलं की दुसऱ्याच दिवशी तुला घेऊन कासला जायचं, यवतेश्वरच्या घाटातून, स्वतः चालवत. डबा काय न्यायचा तेही ठरलंय. रोज सकाळी नव्याने ठरतं.

आता रविवारच्या फोनकडे येते. तू म्हणालीस, "वहिनी, दादाच्या गाडीची किल्ली तू डाळीच्या डब्यात लपवतेस? त्याने आयुष्यभर सगळ्यांना फिरवलं आणि तू त्याला घरात कोंडून ठेवतेस? तुला नेहमीच सगळं तुझ्या मुठीत लागतं." डब्याचं खरं आहे, संहितेच्या तोंडून निसटलं तुझ्यापाशी. तुरीच्या डाळीत आहे. मुठीचं म्हणशील तर मी तापट आहे, हेकेखोर आहे, कबूल. पण कोंडून ठेवणारी मी नाही गं. तू बोललीस आणि फोन ठेवलास, आणि तो माझ्यासमोर बसून शांतपणे शेंगा सोलत होता. मीही शेंगा घेऊन सोलायला बसले.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी माझी मैत्रीण मीनल हिच्याकडे हळदीकुंकू होतं, त्याचं सांगते. मीनल वाइक बाय ड्यूरस्टेडला राहते. आमच्यापासून जवळच, लेक नदीच्या काठाने, डाइकवरच्या रस्त्याने गेलं की पाऊण तासाच्या आत. डाइक म्हणजे नदीचा बांध, त्याच्या माथ्यावरून एक अरुंद रस्ता, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला खाली शेतं नि मेंढ्या. अरुणला हा रस्ता फार आवडतो. म्हणतो, घाटाची तहान ताकावर भागवायची जागा. सकाळी छान ऊन होतं. दुपारी आम्ही तिच्याकडून परत निघालो तेव्हा पाऊस भुरभुरायला लागला होता.

बर्फापेक्षा हा पाऊस वाईट. जमीन गोठलेली, वरून पाणी पडतं आणि पडता पडता काच होतं. दिसायला रस्ता नुसता ओला दिसतो. आमच्या फोनवर कोड ऑरेंज, म्हणजे हवामान खात्याचा धोक्याचा इशारा आला, तो मी वाचून दाखवला. म्हटलं, मीनलकडेच थांबू थोडं. अरुण म्हणाला, "मी अख्ख्या नेदरलँड्सला बर्फात गाडी शिकवली, आणि तू मला कोड सांगतेस?" मला राग आला. मागच्या सीटवर वाणाच्या डब्या होत्या, त्या खळखळत होत्या. मी त्या ऐकत बसले.

एका वळणापुढे एक पांढरी व्हॅन रस्त्यात आडवी झाली होती, आणि तिचा माणूस बाहेर उतरून तिला टेकून उभा होता. त्याला उभंच राहता येत नव्हतं. अंतर बरंच होतं. अरुणने शिकवल्याप्रमाणे कुणीही थांबलं असतं.

अरुणने ब्रेक दाबला. पेडल खडखडलं. आणि त्याने पाय उचलला. पुन्हा दाबला, पुन्हा उचलला. दाब, सोड, दाब, सोड. आमचा तो रणगाडा त्या काचेवरून सरळ त्या माणसाकडे निघाला, आणि अरुण मोठ्याने म्हणत होता, "लागत नाहीये, अण्णा, ब्रेक लागत नाहीये." त्याचा डावा हात स्टिअरिंगच्या बाजूला काहीतरी शोधत होता. हात लागला तो इंडिकेटरला. गाडी घसरतेय आणि आतमध्ये टिकटिक, टिकटिक चाललंय.

मला कळायला एक क्षण लागला. तो गियर शोधत होता. फियाटचा गियर, स्टिअरिंगच्या दांड्याला असायचा तो, डाव्या हाताला. माझ्या लग्नानंतरचं पहिलं वर्ष, यवतेश्वरच्या उतारावर ब्रेक तापले आणि लागेनात, तेव्हा मागच्या सीटवर मी आणि सासूबाई एकमेकींचे हात धरून बसलो होतो आणि अण्णा शांतपणे म्हणत होते, "मार पंप. सोड, दाब. गियर उतरव." तेव्हा अरुणने गाडी थांबवली होती, अगदी असंच करून. तेव्हा ते बरोबर होतं.

मी ओरडले, "अरुण, पाय काढ!" त्याने काढला. मी स्टिअरिंग माझ्याकडे ओढलं. पुढची चाकं कडेच्या गवतात गेली, गवताने आम्हाला धरलं, आणि गाडी नाक खाली करून बांधाच्या उतारावर थांबली, मेंढ्यांच्या कुंपणाच्या अलीकडे. तो माणूस तिथेच उभा होता. कुणाला काही लागलं नाही. तुझ्या दादाला साधं खरचटलंसुद्धा नाही, हे आधी सांगायला हवं होतं मी.

अरुण समोर बघत बसला होता. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "पद्मा, अण्णांना सांगू नकोस हं."

अण्णांना जाऊन किती वर्षं झाली उत्तरा. खांदा त्यानेच दिला होता.

मी म्हटलं, "नाही सांगत."

खालच्या घरातली एक म्हातारी डच बाई बुटांवर मोजे चढवून वर आली. असे मोजे चढवले की पाय घसरत नाही म्हणे. तिच्या हातात मांजराच्या शीची वाळू असते ना, तिची मोठी पिशवी. ती चाकांखाली ओतली, व्हॅनवाल्याने आणि तिने मागून जोर लावला आणि गाडी रस्त्यावर आली, व्हॅनही तशीच बाजूला झाली. एव्हाना बर्फ वितळावं म्हणून मीठ टाकणारी गाडी खालच्या रस्त्यावरून जाऊन आली होती, पण बांधावरचा रस्ता तसाच होता. मग मी गाडी घरी आणली. तुला आठवतंय, माझ्याकडे लायसन्स आहे, पण इथे माझी सायकलच बरी म्हणून मी स्टिअरिंगला हात लावायचं सोडलं होतं. आणली कशीबशी.

थांब, अरुण आला.

. . .

चहा झाला. विचारत होता, काय लिहितेस. म्हटलं, मीनलला रेसिपी. "लांबलचक रेसिपी आहे," म्हणाला. विनोद कुठेही गेलेला नाही, बघ. म्हणून तर तुला फोनवर काही कळत नाही. फोनवर तो विनोद करतो, तुझी चेष्टा करतो, अण्णांच्या गोष्टी सांगतो, आणि त्या त्याला जास्तच स्पष्ट आठवतात. तुला वाटतं, दादा किती छान आहे आणि वहिनी उगाच बाऊ करते.

मीही तेच करत होते. उन्हाळ्यात एकदा तो दूध आणायला गेला आणि दीड तासाने आला. आमच्या हाउटनला गाडीने गल्लीतून गल्लीत जाता येत नाही, बाहेरच्या गोल रस्त्यावर जायचं आणि आपल्या फाट्यावर आत वळायचं. तो त्या गोल रस्त्यावर फिरत राहिला होता. म्हणाला, "बॅटरी चार्ज करत होतो." मी म्हटलं, बरं केलंस. संहितेने तेव्हाच विचारलं, "आई, इज बाबा ओके?" मी तिच्यावर खेकसले.

त्या शनिवारनंतर मात्र मी गेले. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे. तो तरुण आहे, अरुणला चांगला ओळखतो. त्याने सहज गप्पा मारल्यासारखं केलं. इथे कुठेही गेलं की आधी पोस्टकोड आणि घर नंबर विचारतात, तसा त्याने विचारला. अरुण ताठ बसून म्हणाला, "फोर वन फाइव्ह, झिरो झिरो वन." डॉक्टरने वर पाहिलं. म्हणाला, पुन्हा सांगता? अरुण जरा चिडून म्हणाला, "सातारा. फोर वन फाइव्ह, झिरो झिरो वन." इतकी वर्षं इथे राहून त्या माणसाने कधी इथला पोस्टकोड चुकवला नव्हता.

पुढच्या तपासण्या युट्रेख्टच्या हॉस्पिटलमध्ये, मार्चमध्ये. त्याआधी नंबर नाही. डॉक्टरने शक्यता म्हणून एक शब्द सांगितला. तो तुलाही माहीत आहे, मला इथे लिहायचा नाहीये. आणि स्पष्ट सांगितलं की तपासण्या होईपर्यंत त्यांनी कुठलीही गाडी चालवायची नाही. कुठलीही. मी विचारून घेतलं, भारतात? तो म्हणाला, मॅडम, रस्ता कुठलाही असो.

अरुणने ते ऐकलं, मान डोलावली, घरी येईपर्यंत विसरला. दुसऱ्या दिवशी किल्ली शोधायला लागला. मी सांगितलं तर रागावला, असा रागावला की मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता. मग रडला. संध्याकाळी पुन्हा किल्ली शोधायला लागला. रोज त्याला तेच पहिल्यांदा सांगायचं, रोज त्याने तेच पहिल्यांदा ऐकून रडायचं, हे मला झेपेना. म्हणून डाळीचा डबा. आता नुसतं "सापडत नाहीये बाई" म्हणते आणि त्याच्याबरोबर शोधते. वड्यांचा पाक पुढे गेला तो त्यामुळेच. तो गाडीपाशी थंडीत उभा होता, कोट न घालता, दार ओढत.

तू मला बोललीस त्याचा राग नाही. खरं म्हणजे त्या दिवशी होता, आज नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही दादाचाच कैवार घेतला असता. मला मात्र आता कुणीतरी माझ्या बाजूला हवंय उत्तरा. संहिता आहे, पण ती पोर आहे, ती म्हणते, "आई, जस्ट कॅन्सल इंडिया." मला कॅन्सल करायचं नाहीये. कासला जाणार या एका गोष्टीवर तो सकाळी उठतो. ती मी काढून घेतली तर उरेल काय?

पण तिथे फियाट उभी असेल, हार घालून. तिची एक किल्ली त्याच्याही जुडग्यात आहे, अण्णांनी दिलेली, तीच पितळी. ती मला डब्यात टाकता येणार नाही. आणि त्या घाटात एबीएस नाही, गवत नाही, मेंढ्यांचं कुंपण नाही. आणि त्याला अडवायला मी पुढे झाले तर तू मला पुन्हा तेच म्हणशील, सगळ्यांसमोर, आणि तो तुझं ऐकेल. म्हणून हे पत्र.

आता जे मी मघाशी गाळलं ते लिहिते. "आणली कशीबशी" म्हटलं ना, ते.

मी स्टिअरिंगला बसले. मी त्याला म्हटलं, आपण इथेच थांबू, कुणाला तरी बोलवू. तो शेजारी बसला होता, पट्टा लावून, आणि एकदम त्याचा आवाज बदलला. घाबरलेला म्हातारा कुठे गेला कोण जाणे. तो म्हणाला, "काही होत नाही. मी आहे ना. दुसरा गियर टाक. आता नुसता पाय उचल, ती आपली आपण चालेल."

ती चालली. माणूस चालतो त्या वेगाने.

"जवळ बघू नकोस. त्या झाडापलीकडे बघ. गाडी डोळ्यांमागून येते." मी बघितलं. एकदा मागची बाजू सरकली आणि माझा पाय ब्रेककडे गेला, तर तो शांतपणे म्हणाला, "नाही. ब्रेक नाही. जिकडे जायचंय तिकडे बघ आणि तिकडेच वळव, थोडंसं." गाडी सरळ झाली. उत्तरा, मी त्याचा वर्ग इतकी वर्षं कडेला उभी राहून बघितला, पण तो शिकवतो म्हणजे काय करतो हे मला त्या दिवशी कळलं. आपल्या हातापायांतली भीती तो काढून घेतो.

आणि मग तो म्हणाला, "शाब्बास उत्ते."

मला वाटलं चुकून आलं तोंडात. पण नाही. तो पुढेही तेच म्हणत राहिला. उत्ते, खांदे सैल सोड. उत्ते, यष्टी येईल समोरून, जागा दे. लेक नदीच्या बांधावर कुठली यष्टी येणार? मी म्हटलं, "अरुण, मी पद्मा." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा असा गोंधळला, डोळे असे इकडेतिकडे फिरायला लागले, की मला भीती वाटली, आता तो आवाज जाईल. तो आवाज गेला असता तर मला गाडी घरी नेता आली नसती.

म्हणून मी म्हटलं, "हो दादा."

लगेच तो सावरला. डाइकवरून खाली उतरायचा शेवटचा उतार सगळ्यात वाईट, तिथे ब्रेकशिवाय गत्यंतर नव्हतं. तो म्हणाला, "आता पेढा. चेपायचा, मोडायचा नाही." मी पाय ठेवला, इतका हलका की मला स्वतःला तो ठेवलाय की नाही कळेना. गाडी उतरली. खालच्या रस्त्यावर मीठ टाकलेलं होतं, तिथे चाकांनी रस्ता धरला तेव्हा मी श्वास सोडला. अरुण मागे वळला, वाणाच्या डब्यांकडे बघून म्हणाला, "बघितलंत, अण्णा? नाही मोडला."

मी आरशात बघितलं. का बघितलं, ते मला विचारू नकोस.

तर माझं मागणं एवढंच आहे. फियाट लपवू नकोस, बिघडवून ठेवू नकोस, "गाडी बंद आहे" असं खोटं सांगू नकोस. आजपासून रोज सकाळी ती बाहेर काढ आणि चालव. बोलावलेला ड्रायव्हर नको, तू चालव. किती वर्षांत चालवली नाहीस ते मला माहीत आहे, मीही नव्हती चालवली. आम्ही येऊ तेव्हा त्याच्यासाठी डावीकडचं दार उघड आणि म्हण, "दादा, मी विसरलेय सगळं, मला परत शिकव." तो स्टिअरिंगकडे बघणारसुद्धा नाही, मला खात्री आहे. मी मागे बसेन. पेपर घेऊन येईन हवं तर.

त्याने तुला कधी पद्मा म्हटलं तर "हो" म्हण. मी तुझ्या नावाला म्हटलंच आहे. पण "हो दादा" मला नीट म्हणता येत नाही गं, माझा आवाज फाटतो. ते आता तू म्हण.

वाट बघत असलेली,
तुझी पद्मजावहिनी,
डाइकपासून घरापर्यंत तुझ्या जागी बसलेली